आत्याची जीभ

गुडमारच्या पानाच्या पाठीवर बारीक, मऊ लव असते. देठाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर ती बोटाखाली निजते आणि काहीच जाणवत नाही. टोकाकडून देठाकडे फिरवलं तर बोट अगदी किंचित अडतं, जाड कापडावर अडावं तसं. फरक एवढासाच. लक्ष जरा दुसरीकडे असलं की तो हातून निसटतो.

त्या सकाळी आत्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत औषधं तयार व्हायची. खिडकीखाली एक लांब फळी होती आणि त्या फळीवर आत्याच्या भाचीने कुंपणावरच्या गुडमारच्या वेलीची ताजी पानं सावलीत वाळायला पसरून ठेवली होती. वाळली की कुटायची, वस्त्रगाळ चूर्ण करायचं आणि पुढच्या खोलीत द्यायचं. पुढच्या खोलीत आत्याचा मोठा भाऊ वैद्यकी करायचा. सगळी गल्ली त्याला वैद्यदादा म्हणे. रक्तात साखर वाढलेल्या माणसांना तो हे चूर्ण द्यायचा, आणि ज्यांना गोड सुटता सुटत नाही त्यांना नुसतं पान चावायला सांगायचा. कारण या पानाची एक गंमत आहे. ते नीट चावलं की पुढे बराच वेळ, कधीकधी तासभरसुद्धा, जिभेला गोड कळत नाही. आंबट, खारट, कडू, तुरट, तिखट सगळं जागच्या जागी. फक्त गोडाचं दार बंद. साखर तोंडात टाकली तर वाळू लागते. निव्वळ वाळू.

"हे औषध रक्तासाठी आहे की जिभेसाठी?" एखादा पेशंट विचारी.

"आधी जिभेची खोड मोडू, मग रक्ताशी बोलू," वैद्यदादा म्हणे. स्वतः वैद्यदादाच्या रक्तातही साखर होती, आणि जिभेची खोड तर चांगलीच मुरलेली. रोज सकाळी चहाआधी आत्या त्याच्या हातावर एक पान ठेवायची आणि तो चावेपर्यंत समोरून हलायची नाही. "बहीण म्हणवतेस आणि भावाला कपभर गरम वाळू पाजतेस," असं म्हणत तो तो चहा प्यायचा.

आत्याचा अधिकार फक्त भावावर नव्हता. मागच्या खोलीत तिचं राज्य होतं आणि त्या राज्याचा सगळा कारभार तिची जीभ पाहायची. कुठलाही काढा, कुठलाही अवलेह तिने चाखल्याशिवाय बाटलीत जात नसे. चमच्याच्या टोकावर थेंबभर घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं: हिरडा जुना आहे, सुंठ कमी पडली, कोणीतरी पातेलं नीट विसळलेलं नाही. तिचं कधी चुकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. नियमही तिचेच. औषधाच्या खोलीत तोंड रिकामं पाहिजे. आणि गुडमार चाखणाऱ्याने थेट अंगणात जाऊन बसायचं, जीभ परत जागेवर येईपर्यंत पातेल्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. एकदा वैद्यदादा पान चावून चुकून आत डोकावला, तर तिने त्याला भर उन्हात अंगणातल्या दगडावर बसवलं होतं आणि पुढच्या खोलीतले पेशंट नाडी दाखवायला तिथे गेले होते.

नियम सगळ्यांसाठी कडक, पण आत्याची स्वतःची एक सवय होती. विचारात पडली की तिचा हात जवळपासच्या पाल्यात जायचा आणि जे पान हाताला लागेल ते तोंडात जायचं. रागावली की अडुळसा चघळताना दिसे, काळजीत असली की तुळस. ही सवय नियमात बसत नाही हे तिला मान्य नव्हतं. ते खाणं नव्हे, ते विचार करणं आहे, असं तिचं म्हणणं.

विचार करण्यासारखी गोष्ट त्या सकाळी समोर उभीच होती. वैद्यदादाची मुलगी, घरातलं नाव टिटवी. लहानपणी घरात जरा कुठे काही वेगळं दिसलं की ही सगळ्यात आधी ओरडायची, म्हणून. आता तिने औषधशास्त्राचं शिक्षण पुरं केलं होतं, ओरडणं सोडलं होतं, पण वेगळं दिसणं सुटलं नव्हतं. शिक्षण संपवून ती घरी आली तेव्हापासून पाला निवडत होती, गाळत होती, बाटल्या भरत होती. चव मात्र तिला एकदाही घेऊ दिलेली नव्हती. एका मोठ्या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेने तिला नोकरीला बोलावलं होतं.

"आत्या, मला संध्याकाळपर्यंत त्यांना फोन करायचाय," टिटवी म्हणाली.

"कर की. फोन काय मी कमरेला खोचून ठेवलाय?"

"येते म्हणून करू, का येत नाही म्हणून?"

"ते तू ठरव. शिकलेली आहेस."

"मी ठरवलंय. इथे चव घ्यायला मिळणार असेल तर राहते. नुसती पातेली घासायला मिळणार असतील तर जाते. आता ठरवायची राहिलीस तू."

"जीभ तयार व्हावी लागते, बाई."

"कधी होते?"

"होते तेव्हा कळतं."

"कोणाला?"

"मला," आत्या म्हणाली.

टिटवीने बाटल्यांची परडी उचलली. "मागच्या वर्षीही तू हेच म्हणालीस. तेव्हा निदान चेहऱ्यावर विचार करत असल्यासारखं तरी होतं." एवढं बोलून ती बाटल्या धुवायला अंगणात निघून गेली.

आत्या खिडकीशी बसून राहिली. पोरगी गेली तर काय होईल हे तिला स्पष्ट दिसत होतं. घर शांत होईल, आणि कोणी उलट बोलणारं नसलं की आपण बरोबर आहोत हे तरी कोणाला सांगायचं. पोरगी राहिली आणि चव तिची झाली, तर काय होईल हेही दिसत होतं, आणि ते पाहायला तिचं मन तयार नव्हतं. तरुणपणीच नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने एका काढ्यात काय बिघडलंय ते अचूक सांगितलं होतं. तेव्हापासून या घरात तिला कोणी पाहुणी समजलं नाही. तिला घरात जागा मिळवून दिली होती ती जिभेने. ती जीभ दुसऱ्याला द्यायची, मग आपण कुठे बसायचं? आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिने देवाला सोडून कोणालाही सांगितली नव्हती. पूर्वी तिला एका चाटण्यात कळायचं. हल्ली दोनदा चाटावं लागायचं.

विचार बराच लांबला. त्या वेळात तिचा हात फळीवर गेला, परत आला, पुन्हा गेला. लवेने बोटाला अडवायचा आपल्या परीने प्रयत्न केला असावा. तिने दाद दिली नाही.

मग ती उठली आणि अडुळशाकडे वळली. खोकल्याचा अवलेह करायचा होता. अडुळशाच्या पानांचा वाफवून पिळलेला रस मोठ्या पातेल्यात आटत होता. त्यात साखर घालायची, तार येईपर्यंत शिजवायचं, मग पिंपळीचं चूर्ण आणि तूप घालायचं, आणि गार झाल्यावरच मध. साखर किती, हे माप आधी लिहून ठेवता येत नाही. अडुळसा प्रत्येक तोडणीला वेगळा कडू निघतो. साखर कमी पडली तर लोक औषध तोंडात धरतात आणि बाहेर जाऊन थुंकतात. जास्त झाली तर चार दिवसांत बाटलीच्या तळाला खडे बसतात. म्हणून इथे जीभ लागते.

आत्याने नेहमीची साखर घातली, ढवळलं, थेंबभर चाटला. कडूजहर. पुन्हा चाटला. तसाच.

"आज पाला चिडलेला दिसतोय," ती स्वतःशी म्हणाली आणि आणखी साखर घातली. ढवळलं, चाटलं. कडूपणाला काही फरक पडलेला नव्हता. तिने आणखी घातली. मग आणखी.

पातेल्यातले बुडबुडे मोठे आणि आळशी झाले. त्यांचा आवाज बदलला. पळी जड चालायला लागली. हे सगळं तिच्या हाताला कळत होतं, कानाला कळत होतं. पण हात आणि कान इतकी वर्षं जिभेच्या हाताखाली नोकरी करत आले होते. वरिष्ठांपुढे तोंड उघडायची त्यांची पद्धत नव्हती.

साखरेचा डबा तळाला गेला तेव्हा आत्याने आंच मंद केली, फोन उचलला आणि समोरच्या किराणा दुकानाचा नंबर लावला. दुकानदाराला गल्लीत तराजूशेठ म्हणत, कारण बोलताना त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलत जायची आणि बोलणं संपलं की सरळ व्हायची.

"शेठ, तुमची साखर गोड नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, साखर आहे ती."

"तेच तर विचारतेय मी. आहे का?"

"साखर गोड नाही म्हणजे... आत्या, मी आजवर तांदळात खडे ऐकले, तुरीच्या डाळीत किडे ऐकले. तुम्ही साखरेवरच आलात?"

"डबा रिकामा केला मी पातेल्यात. काही फरक नाही."

तराजूशेठ दुकान तसंच उघडं टाकून रस्ता ओलांडून आले. माणूस बायकोच्या बोलण्याने इतका दुखावला नसता. त्यांनी डब्याच्या तळाची साखर चिमटीत घेतली, जिभेवर टाकली, आणि मान एका बाजूला नेत म्हणाले, "गोड आहे."

"तुम्हाला तुमचा माल गोडच लागणार."

"मग दुसऱ्या कोणाला तरी विचारा."

दुसरा कोणी दारात उभाच होता. साखर हा शब्द भिंतीपलीकडून ऐकू आल्यावर वैद्यदादा एका पेशंटची नाडी अर्ध्यावर सोडून आला होता. "भांडू नका," तो म्हणाला. "अशा वेळी एक तटस्थ माणूस लागतो."

"तुला साखर बंद आहे, दादा."

"मी खात नाहीये. मी निवाडा देतोय." त्याने चमचा घेतला, डब्यात खोल घातला, तोंडात रिकामा केला आणि डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते काही तटस्थपणाचं नव्हतं. सकाळी आत्या आपल्याच विचारात होती, त्यामुळे तिचं त्याला पान द्यायचं राहिलं होतं, आणि ही गोष्ट त्याने स्वतःहून कोणाच्या लक्षात आणून दिली नव्हती.

"काय?" तराजूशेठनी विचारलं.

"एका चमच्यात नक्की सांगता येणार नाही," वैद्यदादा म्हणाला आणि पुन्हा चमचा घातला.

"वैद्यदादा, सांगा ना. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

"म्हणूनच घाई करत नाहीये."

आत्याने डबा त्याच्या हातातून ओढून घेतला. "तू राहू दे. मीच दाखवते," असं म्हणून तिने चिमूटभर साखर जिभेवर ठेवली, जिभेने ती टाळूला लावली.

वाळू.

ती तशीच उभी राहिली. अशी वाळू तिने आयुष्यात शेकडो वेळा जिभेवर घोळवली होती. वेलीचा पाला चांगला की जुना, हे पाहायची हीच तर परीक्षा. टिटवीला लहानपणी तिनेच शिकवली होती: पान चाव, साखर टाक, वाळू झाली की पाला उत्तम. आत्याने सावकाश मान वळवून खिडकीखालच्या फळीकडे पाहिलं. हिरव्या पानांच्या मधोमध, बसायच्या जागेसमोर बरोबर हात पोचेल तेवढ्या अंतरावर, फळीचं लाकूड उघडं पडलं होतं. ताटलीएवढं.

इथे तिने बोलायला हवं होतं. एवढं एकच वाक्य होतं आणि ते सोपं होतं.

"दमट आहे," आत्या म्हणाली.

"काय?"

"साखर. दमट आहे. दमट साखरेचा गोडवा उतरतो."

"दमट असती तर गोळे झाले असते," तराजूशेठ म्हणाले. मान आता खांद्याला टेकायच्या बेतात होती. "हे बघा, सळसळ वाहतेय."

"वरून वाहतेय. आतून दमट आहे."

"आतून म्हणजे कुठून, आत्या? दाण्याच्या?"

"असू शकतं," वैद्यदादा म्हणाला. "मी दाणे नीट तपासलेले नाहीत."

टिटवी धुतलेल्या बाटल्यांची परडी घेऊन दारात कधी येऊन उभी राहिली, हे कोणालाच कळलं नाही. तिने बाबांच्या मिशीवरची साखर पाहिली. रिकामा डबा पाहिला. पातेल्यातले जड बुडबुडे पाहिले. मग तिची नजर फळीवर गेली आणि तिथे थोडी रेंगाळली. तिने परडी खाली ठेवली, पातेल्यातला थेंबभर अवलेह बशीत घेतला, फुंकून गार केला आणि कोणाची परवानगी न विचारता चाटला. तिचे खांदे वर गेले आणि एक डोळा आपोआप मिटला.

तिने चुलीची आंच बंद केली.

"शेठ, साखर चांगली आहे," ती म्हणाली. "तुम्ही जा. दुकानात कोणी नाही, आणि तुमच्या शेंगदाण्यांच्या पोत्यात एका गाईचं तोंड आहे."

तराजूशेठची मान एकदम सरळ झाली आणि ते धावत गेले.

"बाबा, चमचा."

"माझा निवाडा अजून—"

"चमचा. आणि पेशंट हात पुढे करून बसलाय."

वैद्यदादाने चमचा दिला आणि जाता जाता आत्याकडे अशा काही सहानुभूतीने पाहिलं, की तिला तो दगड, ते ऊन आणि ती नाडी तपासायची रांग एकदम आठवली.

खोलीत दोघीच उरल्या.

"किती पानं खाल्लीस?" टिटवीने विचारलं.

"कसली पानं?"

"आत्या."

"मोजून खाल्ली नाहीत."

"गुडमार चाखणाऱ्याने कुठे बसायचं?"

"मला नियम सांगू नकोस. मीच केलाय तो."

"शेठशी वाद घालताना तुला कळलं होतं ना?"

आत्याने पदराने हात पुसले. ते आधीच कोरडे होते. "दमट आहे म्हणाले मी तेव्हा कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या आधी नव्हतं."

टिटवी हसली नाही, पण तिला ओठ आत ओढून धरावे लागले. मग ती कामाला लागली. उद्याच्या घाण्यासाठी पिळून ठेवलेला अडुळशाचा रस होता, तो तिने पातेल्यात ओतला. आंच पुन्हा लावली. आत्याने न सांगता पळी हातात घेतली. पातेलं आधी पातळ झालं. बुडबुडे परत लहान आणि चपळ झाले, मग हळूहळू पातेलं घट्ट व्हायला लागलं. आत्याने दोन बोटांत थेंब घेऊन ताणून पाहिला. तार येऊ लागली होती. पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकला. तो न पसरता तळाला जाऊन बसला. आत्याच्या हातांना आज बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या अकलेने काम करायला मिळत होतं आणि ते ते झकास करत होते.

"तार आली," आत्या म्हणाली. "कडू-गोड बघ, मग पिंपळी घालू."

टिटवी हलली नाही.

"बघ की. तळाला लागेल."

"माझी जीभ तयार नाही ना अजून."

"थट्टेची वेळ आहे का ही?"

"मी थट्टा करत नाहीये, आत्या. आज अडलंय म्हणून चव घ्यायची आणि उद्यापासून परत पातेली घासायची, असं असेल तर मी आज घेणार नाही. बाबांना बोलाव. ते तटस्थ आहेत."

"त्याने पावशेर तटस्थपणा खाल्लाय. त्याला आता मिठाचासुद्धा पाक लागेल."

"मग तराजूशेठ."

आत्या ढवळत राहिली. पळी थांबवली तर तळाला लागेल आणि थांबवली नाही तर घट्ट होत जाईल. दोन्ही बाजूंनी वेळ फार थोडा होता. तिने मान वर केली नाही.

"मला हल्ली दोनदा चाटावं लागतं," ती पळीकडे पाहत म्हणाली.

"माहीत आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तू चाटलंस की डोळे मिटायचीस. हल्ली पहिल्यांदा मिटत नाहीस."

पोरीने हे पाहिलं होतं, कधीपासून कोण जाणे, आणि घरात एका माणसालाही सांगितलं नव्हतं. लहानपणी साधी पाल दिसली तरी घर डोक्यावर घेणारी पोरगी.

"तिथे कारखान्यात कोण चव घेतं?" आत्याने विचारलं.

"यंत्र."

"आणि यंत्राचं चुकलं तर?"

"तर ते साखरवाल्याला फोन करत नाही."

आत्याच्या तोंडून हसू फुटलं, नाकातून, बेसावध. पळी क्षणभर थांबली आणि तिने ती पुन्हा चालू केली. तळ अजून शाबूत होता. हाताला कळत होतं.

"आत्या, आता खरंच घट्ट होतंय."

"दिसतंय मला."

"मग?"

आत्याने पळी फिरवता फिरवताच पुढच्या खोलीच्या दाराकडे तोंड केलं. हे इथल्या इथे, दोघींत बोलून चालणार नव्हतं. उद्या सकाळी आपणच शब्द फिरवू, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. साक्षीदार हवे होते, आणि बाकावरच्या पेशंटांइतके तत्पर साक्षीदार गल्लीत दुसरे नव्हते.

"दादा," तिने खणखणीत हाक मारली. "पेशंटला जरा गप्प बसव आणि ऐक."

भिंतीपलीकडचं खोकणंसुद्धा थांबलं.

"आजपासून या घरातल्या औषधाची चव टिटवी घेणार," आत्या म्हणाली. "मी ढवळणार."